घोरणे एकाचे, घोर दुसऱ्याला

मराठीत माणूस घोरतो. हिंदीत तो खर्राटे घेतो, गुजरातीत नसकोरां बोलावतो, बंगालीत त्याचे नाक हाका मारते. तेलुगूतला शब्द आहे गुरक, कन्नडमधला गोरके, तमिळमधला कुरट्टै. यांतले बहुतेक शब्द नुसते उच्चारले तरी झोपलेल्या माणसाचा घसा ऐकू येतो. आवाजावरून शब्द घडवण्यात आपल्या भाषांनी कसूर केलेली नाही. मात्र त्या आवाजानंतर काही घरांत रात्री जी शांतता पसरते, तिच्यासाठी रोजच्या बोलण्यात शब्द सापडत नाही. घोरणे चढत जाते, एका क्षणी तुटते, आणि मग दहा, वीस, कधी चाळीस सेकंद काहीच ऐकू येत नाही. शेजारी निजलेल्याला वाटते, थांबला एकदाचा. इतक्यात घुसमटल्यासारखा मोठा आवाज होतो, झोपलेला माणूस कूस बदलतो आणि घोरणे पुन्हा सुरू होते.

त्या शांततेत माणूस श्वास घेण्याची धडपड करत असतो, पण हवा आत जात नसते. घशाचा वरचा भाग ही हाडांचा आधार नसलेली, स्नायूंनी उघडी ठेवलेली वाट आहे. जागेपणी ते स्नायू ताणलेले असतात. झोपेत ते सैलावतात, जीभ मागे सरकते, मऊ टाळू खाली येते. वाट अरुंद झाली की तिच्या भिंती थरथरतात, ते घोरणे. वाट पूर्ण मिटली की श्वास अडतो. छाती आणि पोट हलत राहतात, रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, शेवटी मेंदू धोका ओळखून क्षणभर जागा होतो, स्नायू आवळतो आणि वाट उघडते. ही जाग इतकी अल्प असते की सकाळी तिची आठवण राहत नाही. विकार तीव्र असेल तर हे तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडते. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा शब्द ग्रीक. अर्थ, श्वास नसणे.

या विकाराचा इतिहास वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. हा विकार कधीच लपून राहिलेला नव्हता. तो राजदरबारात दिसला, कादंबरीत दिसला, इस्पितळात दिसला. तरी रोग म्हणून त्याची ओळख पटायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. त्याचे दोन भाग दोन वेगळ्या माणसांच्या वाट्याला येतात, हे त्याचे मोठे कारण. दिवसाची पेंग रोग्याच्या वाट्याला येते आणि ती सगळ्या जगाला दिसते. रात्रीची घुसमट मात्र शेजारी जागा असलेला माणूसच पाहतो. दिवसाच्या भागावर जग हसले, आणि रात्रीच्या साक्षीदाराला बराच काळ कोणी काही विचारले नाही.

काळ्या समुद्राच्या काठी, आजच्या तुर्कस्तानात, हेराक्लिया नावाचे ग्रीक नगर होते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस तिथे डायोनिसियस नावाचा राजा राज्य करत होता. तो इतका स्थूल होता की भेटीला आलेल्यांसमोर बसताना शरीर झाकायला पुढे एक पेटी ठेवी आणि फक्त चेहरा दिसू देई. त्याला अनावर झोप येई आणि त्या झोपेतून त्याला उठवणे कठीण जाई. वैद्यांनी लांब, बारीक सुया करवून घेतल्या. राजा गाढ झोपला की सेवकांनी त्या त्याच्या कुशीत आणि पोटात खुपसायच्या. सुई चरबीतून जाईपर्यंत त्याला काही कळत नसे. मांसाला टोचली की तो जागा होई. ही हकिगत अथेनियसने इसवी सनाच्या दोनशे सालाच्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात आहे. मेजवानीच्या गप्पांच्या त्या ग्रंथात ती खादाड, ऐषारामी राजांच्या गमतीदार गोष्टींमध्ये बसवलेली आहे. १९८३ मध्ये कॅनडातले डॉक्टर मायर क्रायगर यांनी तिच्याकडे नव्याने लक्ष वेधले. सुयांचा तो उपचार त्यांना हास्यास्पद वाटला नाही. हा झोपला तर मरेल, ही भीती त्या वैद्यांना वाटत होती, असे त्यातून दिसते.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत मेद अतिशय वाढलेल्या माणसाची लक्षणे दिली आहेत. थोड्या श्रमाने धाप, तहान, भूक, घाम, दुर्गंधी, अनावर झोप यांच्या यादीत एक लहानसा शब्द आहे, क्रथन. एकाएकी श्वास अडणे, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी दिला आहे. माधवनिदानातही मेदोरोगाच्या वर्णनात तो येतो. म्हणजे त्या शांततेला कधीकाळी शब्द होता. यावरून प्राचीन भारतीयांनी स्लीप ॲप्नियाचा शोध लावला होता, अशी पताका फडकवण्याचे कारण नाही. यादीत झोप आहे आणि श्वास अडणेही आहे, पण एकामुळे दुसरे घडते असे कोणी म्हटलेले नाही. तरीही कुणीतरी झोपलेल्या माणसाजवळ बसून ते पाहिले होते आणि नोंदवून ठेवले होते, एवढे खरे. पुढे तो शब्द ग्रंथांत राहिला. लोकांच्या तोंडी राहिला तो कुंभकर्ण, आणि त्याचे नाव घेताना आपण हसतोच.

आधुनिक काळात या विकाराला पहिले नाव मिळाले तेही विनोदातून. चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६ आणि १८३७ मध्ये मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. त्यात वॉर्डल नावाच्या जमीनदाराकडे जो नावाचा लठ्ठ पोऱ्या नोकरीला आहे. तो खातो आणि झोपतो. निरोप घेऊन जाताना झोपतो, जेवण वाढायला उभा असताना घोरतो. एका प्रसंगात तो वकिलाच्या दारावर सतत धडाधड ठोकत राहतो, कारण ठोकणे थांबवले तर उभ्या उभ्या झोप लागेल म्हणून मालकाने तसे बजावलेले असते. डिकन्सला रोगाचे वर्णन करायचे नव्हते. त्याला एक हसरे पात्र हवे होते. पण त्याची नजर बातमीदाराची होती, त्यामुळे लठ्ठपणा, पेंग आणि घोरणे या तिन्ही गोष्टी त्याने एका देहात बरोबर नेमून दिल्या. जो रात्री कसा झोपतो, हे मात्र कादंबरीत कुठेच नाही. नोकराच्या खोलीत रात्री डोकावण्याचे कुणाला कारण नव्हते.

रात्री डोकावणारी माणसे पुढच्या पन्नास वर्षांत भेटतात. १८७७ मध्ये विल्यम ब्रॉडबेंट या लंडनच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एका वेगळ्याच विषयावर लिहिताना जाता जाता एक निरीक्षण नोंदवले. वयस्क माणूस उताणा पडून जोरात घोरत असेल, तर मधूनमधून श्वासाचा जोर घशातल्या अडथळ्यापुढे कमी पडतो. दोनतीन श्वासांपुरती पूर्ण शांतता होते, छाती मात्र व्यर्थ हलत राहते, आणि मग मोठ्या आवाजाने हवा आत शिरते. आज यात दुरुस्ती करण्यासारखे फारसे काही नाही. पण ब्रॉडबेंट यांना तो रोग वाटला नाही. म्हातारी माणसे अशी झोपतात, इतकेच.

१८८९ साल तर याहून विलक्षण. लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन यांनी त्या वर्षी लंडनच्या क्लिनिकल सोसायटीपुढे एक रोगी मांडला. तो कोंबड्या-बदकांचा व्यापारी होता, वय ३७. खुर्चीवर बसताच त्याला झोप लागे. केटन यांनी त्याला इस्पितळात ठेवले आणि झोपेत पाहिले. श्वास पूर्ण बंद पडतो, छाती आणि पोट निष्फळ धडपड करतात, मिनिट-दीड मिनिट ही धडपड वाढत जाते, कातडी निळी पडते, पाहणाऱ्याच्या जिवाचे पाणी होते, आणि मग अडथळा सुटून लांब श्वास सुरू होतात. एवढे होऊनही रोगी जागा होत नाही. हे रात्रभर चालते, अशी साक्ष इस्पितळातल्या रात्रपाळीच्या परिचारिकांनी दिली होती, आणि केटन यांनी ती नोंदवून ठेवली. या विकाराच्या इतिहासात रात्रीच्या साक्षीदारांचे म्हणणे इतक्या स्पष्टपणे कागदावर आलेला हा पहिला प्रसंग म्हणता येईल. सभेत त्याचे काय झाले? अध्यक्ष ख्रिस्टोफर हीथ यांना ‘पिकविक’मधला लठ्ठ पोऱ्या आठवला. केटन यांनी स्वतः हा रोगी नार्कोलेप्सीचा मानला होता. झोपेचे अनावर झटके येणाऱ्या त्या विकाराला हे नाव मिळून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. साक्ष नोंदली गेली, खटला उभा राहिला नाही.

त्याच वर्षी विल्यम हिल यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुलांविषयी लिहिले. जी मुले तोंडाने श्वास घेतात, रात्री घोरतात, तळमळतात, डोके दुखते म्हणून सांगतात, त्यांना शाळेत मठ्ठ आणि आळशी ठरवले जाते. त्यांच्या नाक-घशाकडे पाहा, असा त्यांचा रोख होता. आपल्याकडे अशा मुलाला एकाक्षरी नाव आहे, ढ. वाढलेल्या टॉन्सिलमुळे आणि नाकामागच्या ग्रंथींमुळे रात्री झोप तुटणारी किती मुले हे अक्षर कपाळी घेऊन शाळेबाहेर पडली असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

केटन यांच्या बाबतीत इतिहासाने एक वेगळीच गाठ मारून ठेवली आहे. त्यांनीच १८७५ मध्ये ससे आणि माकडे यांच्या मेंदूतल्या विद्युतप्रवाहांची पहिली नोंद केली होती. पुढे १९२९ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूचा विद्युतआलेख प्रसिद्ध केला, आणि याच आलेखाच्या मदतीने पुढे स्लीप ॲप्नियाचे कोडे सुटले. रोगी आणि किल्ली, दोन्ही एकाच डॉक्टरांच्या हाती येऊन गेली होती. त्यांची गाठ पडायला मात्र १९६५ उजाडले.

त्याआधी एक मोठे वळण आले आणि ते थोडे चुकीच्या दिशेने गेले. १९५६ मध्ये बॉस्टनमधले सिडनी बरवेल आणि त्यांचे सहकारी यांनी एका रोग्याची हकिगत छापली. ५१ वर्षांचा व्यावसायिक, वजन २६० पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे ११८ किलो. आठवड्यातून एकदा पोकर खेळण्याची त्याची सवय होती. एका रात्री त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन बादशहा आले. असा डाव आयुष्यात क्वचित येतो. त्याला डुलकी लागली आणि डाव गेला. आपण आजारी आहोत हे त्याला त्या रात्री पटले आणि तो इस्पितळात दाखल झाला. बरवेल यांनी लेखाच्या मथळ्यातच ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव वापरले आणि ते जगभर गेले.

या नावाने भले केले तसे नुकसानही केले. लठ्ठ माणसाची पेंग हा आळस नसून वैद्यकाचा विषय आहे, हे त्यामुळे मान्य झाले. पण रोगाचे स्पष्टीकरण पुन्हा दिवसातच शोधले गेले: चरबीच्या भाराने श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याची गुंगी चढते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणारे रोगी खरोखरच असतात आणि त्यांचा विकार आज वेगळा ओळखला जातो. पण अतिनिद्रेच्या बहुसंख्य रोग्यांचे उत्तर ते नव्हते. शिवाय नावामुळे रोग आणि लठ्ठपणा यांची अशी गाठ बसली की लहान किंवा मागे बसलेल्या जबड्याच्या, सडपातळ माणसालाही हे होऊ शकते, याकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. ती गाठ अजून पुरती सुटलेली नाही.

१९६५ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय शहरात आंरी गास्तो, टासिनारी आणि ड्यूरों यांनी अशा रोग्यांना झोपू दिले आणि मेंदूचा आलेख व श्वासाचा आलेख एकाच वेळी कागदावर उतरवला. कागदावर दोन्ही रेषा शेजारी आल्या आणि गोष्ट उघड झाली. श्वास थांबतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, मेंदू पुन्हा झोपतो; रात्रभर हेच. दिवसाची पेंग गुंगीची नव्हती, शेकडो वेळा मोडलेल्या झोपेची होती. त्याच वर्षी जर्मनीत फ्रायबुर्ग इथे युंग आणि कुलो यांनीही स्वतंत्रपणे झोपेतला हा श्वासरोध टिपला. रात्रीची साक्ष परिचारिकांनी ७६ वर्षांपूर्वी दिली होती. ती खरी मानली गेली ती यंत्राने दिल्यावर.

पुरावा पक्का व्हायला आणखी चार वर्षे लागली. अडथळा घशात असेल तर घशाला वळसा घालून पाहावे, असा विचार करून कुलो आणि सहकाऱ्यांनी रोग्याच्या मानेत, अडथळ्याच्या खाली, श्वासनलिकेला भोक पाडले. पेंग गेली. हे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. निदान सिद्ध झाले, पण उपचाराची किंमत केवढी: गळ्यात कायमची नळी, रात्री ती उघडायची, दिवसा बुजवायची. पुढची बारा वर्षे तीव्र विकारावर खात्रीचा इलाज हाच होता.

इटलीत बोलोन्याचे एलिओ लुगारेसी यांनी याच काळात साधे घोरणे गांभीर्याने घेतले. घोरणाऱ्यांचा रक्तदाब रात्री उतरण्याऐवजी चढतो, हे त्यांच्या गटाने मोजले. सॅन मारिनो या चिमुकल्या देशातल्या ५,७१३ लोकांना त्यांनी प्रश्न विचारले. नेहमी घोरणाऱ्यांत उच्च रक्तदाब अधिक, असा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यावर कुटुंबे हसत आली होती तो आवाज हृदयविकाराच्या दप्तरात दाखल झाला.

१९७२ मध्ये क्रिस्तियां गियमिनो हे फ्रेंच डॉक्टर अमेरिकेत स्टॅनफर्डला विल्यम डिमेंट यांच्या निद्राकेंद्रात आले. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ श्वास थांबणे म्हणजे एक ॲप्निया, अशी मोजमापाची व्याख्या त्यांनी रूढ केली. हृदयरोगतज्ज्ञांना रात्री प्रयोगशाळेत बोलावून, प्रत्येक श्वासरोधागणिक रक्तदाब कसा उसळी घेतो हे त्यांनी दाखवले. १९७६ मध्ये त्यांच्या लेखातून स्लीप ॲप्निया सिंड्रोम हे नाव रुळले. पिकविक मागे पडला. त्याच वर्षी त्यांनी आठ मुलांमधला हा विकार वर्णिला. विल्यम हिल यांचा तो ‘ढ’ मुलगा ८७ वर्षांनी रोगी म्हणून ओळखला गेला. अशा बऱ्याच मुलांना टॉन्सिल आणि ॲडिनॉइड काढल्यावर आराम पडतो.

नंतरची गोष्ट ऑस्ट्रेलियातली. सिडनीच्या रॉयल प्रिन्स आल्फ्रेड हॉस्पिटलमध्ये कॉलिन सलिव्हन काम करत होते. कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी त्यांनी नाकावर बसणारे मुखवटे बनवले होते. जून १९८० मध्ये त्यांच्याकडे एक रोगी होता, ज्याला गळ्यात भोक पाडून घेण्याचा सल्ला मिळाला होता. सलिव्हन यांनी व्हॅक्युम क्लीनरसारख्या यंत्राची मोटर उलटी, म्हणजे हवा ओढण्याऐवजी फुंकायला लावली, नळी मुखवट्याला जोडली आणि तो रोग्याच्या नाकावर चिकटवला. दाब हळूहळू वाढवत नेला. एका दाबाला घोरणे थांबले, श्वास नियमित झाला, आणि कित्येक वर्षांत न मिळालेली गाढ झोप त्या माणसाला लागली. एप्रिल १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रोग्यांचा वृत्तान्त आला. लागलेला दाब होता पाण्याच्या साडेचार ते दहा सेंटिमीटर उंचीइतका, म्हणजे अगदी थोडा. मिटू पाहणारी वाट आतून हवेच्या टेकूने उघडी ठेवायची, एवढीच कल्पना. याच यंत्राला आज सीपॅप म्हणतात.

तोवर हा विकार दुर्मीळ समजला जात होता. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या अभ्यासाने तो समज मोडला. ३० ते ६० वयाच्या ६०२ नोकरदारांना एक रात्र प्रयोगशाळेत झोपवले. पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत ९ टक्के जणांचा श्वास तासाला पाच किंवा अधिक वेळा अडखळत होता. दिवसाच्या पेंगेसह तो असणारे पुरुष ४ टक्के, स्त्रिया २ टक्के. यातला स्त्रियांचा आकडा विशेष बोलका आहे. निद्राकेंद्रांत येणाऱ्या रोग्यांत तोवर पुरुषांचे प्रमाण यापेक्षा कितीतरी जास्त असे. मग या बायका कुठे होत्या? त्या थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन दुसऱ्याच दारांत जात होत्या. आणि नवरा घोरतो तेव्हा बायको जागी असते; बायको घोरते तेव्हा नवरा बहुधा झोपलेला असतो, किंवा ती गोष्ट बोलण्याजोगी नाही असे दोघांनाही वाटते. साक्षीदार नसलेला रोग बाईच्या वाट्याला अधिक येतो.

दुष्परिणामांची यादी पुढच्या वर्षांत लांबत गेली. २००० मध्ये विस्कॉन्सिनच्याच गटाने चार वर्षांच्या पाठपुराव्यातून दाखवले, की मध्यम किंवा तीव्र विकार असलेल्यांना उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता इतरांच्या जवळपास तिप्पट असते. हृदयाची अनियमित गती, पक्षाघात, मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध दिसून आला आहे. पेंगेची किंमत कधी दुसरेच मोजतात. १ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एक लोकल गाडी ताशी ४८ किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ताशी १३२ किलोमीटरच्या वेगाने शिरली आणि घसरली. चार माणसे गेली. चालकाला तीव्र स्लीप ॲप्निया होता आणि त्याचे निदान झालेले नव्हते, असे सरकारी चौकशीत निघाले.

यंत्र लावले की सगळे संपले, असेही झाले नाही. २०१६ मध्ये ‘सेव्ह’ या नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले. सात देशांतले २,७१७ रोगी त्यात होते, भारतातलेही. त्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेला होता. सीपॅप दिलेल्यांत पुढचे झटके कमी झाले नाहीत. पेंग कमी झाली, मन सुधारले, कामावरच्या रजा घटल्या. या निकालाचा अर्थ काय, यावर वाद आहे, कारण रोग्यांनी मुखवटा रात्री सरासरी ३.३ तासच लावला होता. मुखवटा लावून झोपणे सोपे नाही. त्याचा आवाज होतो, नाक कोरडे पडते, आणि शेजारच्याला आपण आजारी दिसतो ही लाज निराळीच. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने टिर्झेपटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाला लठ्ठ रोग्यांतल्या स्लीप ॲप्नियासाठी मान्यता दिली. डायोनिसियसच्या वैद्यांकडेही सुयाच होत्या. या सुईचे काम मात्र जागे करण्याचे नाही.

आपल्याकडे मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलमधले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या आरोग्यतपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांना प्रश्न विचारून, त्यांतल्या २५० जणांची झोप त्यांच्या घरीच मोजली. झोपेतल्या श्वासाचा बिघाड अंदाजे १९.५ टक्क्यांत, आणि दिवसाच्या पेंगेसह असलेला विकार ७.५ टक्क्यांत आढळला. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, हे लक्षात घ्यायला हवे. दोन वर्षांनी दिल्लीच्या एम्समधून आलेल्या अभ्यासातले आकडे काहीसे कमी होते, पण विकार आपल्याकडे विरळा नाही हे त्यातूनही दिसले. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, आणि डॉक्टरांनी कारणांत या विकाराचे नाव घेतले. त्या दिवशी अनेक घरांत हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला असेल.

तरी आपल्याकडे घोरणे हे अजून गाढ झोपेचे लक्षण समजले जाते. ‘दमून आलाय, कसा घोरतोय बघ’ या वाक्यात कौतुक असते. लग्नातल्या थट्टेत, रेल्वेच्या डब्यात, नाटकातल्या विनोदात तो आवाज हुकमी हशा मिळवतो. मराठीत मात्र ‘घोर’ या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे: जिवाला लागतो तो घोर. घोरणारा एक असतो आणि घोर लागतो तो शेजारी जागणाऱ्याच्या जिवाला. श्वास थांबला की तो मोजत बसतो, पुन्हा सुरू झाला की सुटकेचा निःश्वास टाकतो, आणि सकाळी काही सांगू लागला की ‘मी कुठे घोरतो?’ असे उत्तर ऐकतो. उत्तर देणारा खोटे बोलत नसतो. तो तिथे नव्हताच.

कॅनडातल्या टोरांटोमध्ये भूलतज्ज्ञांनी २००८ मध्ये एक सोपी प्रश्नावली तयार केली. ती पुढे आठ प्रश्नांची झाली आणि आज जगभर वापरली जाते. तुम्ही मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा येतो का, रक्तदाब आहे का, वजन, वय, मानेचा घेर, आणि पुरुष आहात का. या सगळ्यांत एक प्रश्न असा आहे: झोपेत तुमचा श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का? त्याचे उत्तर रोग्याकडे नसते. ते सेवकांकडे होते, परिचारिकांकडे होते, बायकांकडे होते, आईकडे होते. त्यांना ते विचारायला वैद्यकाला फार वेळ लागला. आपल्या घरातून डॉक्टरांकडे जाताना, रात्री शेजारी जागणाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. एकटा झोपणाऱ्याने निदान एक रात्र फोनवर आवाज टिपून ठेवावा, आणि डॉक्टरांना ऐकवताना घोरण्यापेक्षा मधल्या शांततेकडे लक्ष द्यायला सांगावे.